ऐतिहासिक रहस्यकथेतील नायकाने कायदा हातात घ्यावा का?

पोथीनिष्ठ

ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्या आवडीने वाचणाऱ्या सभासदांपुढे एक प्रश्न ठेवतो. या प्रकारातल्या पुष्कळ पुस्तकांचा शेवट न्यायालयात होत नाही. खुनी कोण हे नायकाला कळते, आपल्यालाही कळते आणि मग निकालही नायकच देऊन टाकतो. कधी तो अपराध्याला पळून जाण्यासाठी सकाळपर्यंतची सवड देतो, कधी निर्णायक पत्र शेगडीत घालतो, तर कधी स्वतःच्या हाताने त्याचा काटा काढतो. आजच्या काळातल्या कथेत नायक असा वागला तर आपण निदान दोन प्रश्न विचारतो. काळ दोन-तीनशे वर्षे मागे गेला की मात्र तेच कृत्य आपल्याला शोभून दिसते.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक नमुना कथानक मांडतो. ते कोणत्याही एका पुस्तकाचे नाही. अशा अनेक शेवटांवरून मी ते बेतले आहे. १७८० च्या दशकातले लंडन. एका सरदाराच्या घरातल्या दोन मोलकरणी काही महिन्यांच्या अंतराने मरतात आणि घरचा वैद्य पोटाच्या विकारावर बोट ठेवून मोकळा होतो. त्या घराला औषधे पुरवणाऱ्या औषधविक्रेत्याला संशय येतो, तो धागेदोरे जुळवतो आणि सरदारानेच दोघींना विष दिल्याची त्याची खात्री पटते. मुलींचे आईबाप गरीब आहेत आणि दंडाधिकारी सरदाराच्या पंक्तीला बसणारा आहे. शेवटच्या प्रकरणात औषधविक्रेता सरदाराच्या नेहमीच्या औषधात तेच विष मिसळतो, बूच घट्ट बसवतो, बाटलीवर रोजच्यासारखी चिठ्ठी डकवतो आणि औषध न्यायला आलेल्या मोलकरणीच्या हाती ती देतो. पुस्तक संपते.

अशा शेवटाला वाचताना मनातून टाळी जाते. ही टाळी नैतिकदृष्ट्या कितपत रास्त आहे, एवढेच मला विचारायचे आहे. जुना कायदा क्रूर आणि पक्षपाती होता हे कारण मला पुरेसे वाटत नाही, पण ते का पुरत नाही हे मला नीट मांडताही येत नाही.

वाचनवेडी

मला ते कारण पुरेसे वाटते, कारण तुमच्या कथानकातल्या औषधविक्रेत्याला हातात घेण्यासाठी कायदा मुळात होताच कुठे? त्या काळच्या इंग्लंडमध्ये आजच्या अर्थाचे पोलीस नव्हते. लंडनचे महानगर पोलीस दल १८२९ मध्ये उभे राहिले. सरकारी अभियोक्ताही नव्हता. त्या पदाचा कायदा १८७९ मधला आहे. तोवर बहुतेक खटले ज्याचे नुकसान झाले त्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी स्वतःच्या खर्चाने उभे करायचे, साक्षीदार गोळा करायचे आणि कारकुनांचे शुल्कही भरायचे, अशी रीत होती. मोलकरणीच्या बापाने हे कशाच्या जोरावर करायचे? दुसऱ्या बाजूला हाच कायदा गरिबावर उलटला की क्षुल्लक चोऱ्यांसाठीही फास आवळत होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथे देहदंडाचे दोनशेहून अधिक गुन्हे होते. ज्या व्यवस्थेने मुलींना संरक्षणही दिले नाही आणि न्यायही दिला नाही, तिच्याशी एकनिष्ठ राहण्याचे ओझे औषधविक्रेत्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

मध्यरात्र

मी नैतिक प्रश्नापर्यंत पोचलोच नाही. विषाच्या बाटलीवर स्वतःच्या दुकानाची चिठ्ठी डकवणारा माणूस दोन खुनांचा छडा लावू शकला, यावरच माझा विश्वास बसत नाही.

जुनाबाजार

मध्यरात्र, 😀.

वाचनवेडी यांचा मुद्दा अर्धा खरा आहे. सरदाराला कायदा शिवूच शकत नव्हता, हे कादंबरीकारांचे लाडके गृहीतक आहे आणि ते सरसकट टिकत नाही. अर्ल फेरर्स या सरदाराने आपल्या कारभाऱ्याला, जॉन जॉन्सनला, गोळी घालून मारले. उमराव सभागृहाने त्याच्यावर खटला चालवला, त्याने वेडाचा बचाव करून पाहिला आणि ५ मे १७६० रोजी तो टायबर्न येथे सर्वांदेखत फाशी गेला. म्हणजे तुमच्या कथानकाच्या केवळ वीस-पंचवीस वर्षे आधी, त्याच शहरात, एका नोकराच्या खुनासाठी एक सरदार लटकला होता. औषधविक्रेत्याच्या पिढीतल्या प्रत्येक लंडनकराला ती हकिगत तोंडपाठ असणार.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. पाचच वर्षांनी, १७६५ मध्ये, पाचव्या लॉर्ड बायरनने आपल्या शेजाऱ्याला तलवारीने भोसकून मारले. उमरावांनी त्याला सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरवले आणि तो सरदारकीच्या विशेषाधिकाराचा आधार घेऊन केवळ शुल्क भरून घरी गेला. माझे म्हणणे इतकेच की कायदा कधी चालत होता आणि कधी चालत नव्हता. लेखक मात्र चालणारी उदाहरणे झाकून ठेवतो, कारण ती उघडी ठेवली तर नायकाच्या हातात बाटली देता येत नाही.

वाचनवेडी

फेरर्सचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. गोळी लागल्यानंतर तो कारभारी काही तास जिवंत होता, घरात माणसे होती, कोणी कोणाला मारले याबद्दल शंकेला जागाच नव्हती. इथे मात्र गुपचूप दिलेले विष आहे. आर्सेनिक खात्रीने पकडणारी मार्शची चाचणी १८३६ ची. त्याआधी न्यायालयापुढे काय ठेवणार होता तो?

शंकेखोर

वाचनवेडी, तुम्ही आता स्वतःच आपल्या पक्षाच्या मुळावर घाव घातला आहे. न्यायालयाला पटवून देण्याइतका पुरावा त्या काळी मिळत नव्हता असे असेल, तर औषधविक्रेत्याला तरी तो कुठून मिळाला? त्याची खात्री कशावर उभी आहे? शंकेखोर हे नाव मी उगाच घेतलेले नाही. याच ठिकाणी माझी गाडी नेहमी अडते.

माझ्या मते वाचक टाळी देतो तो लेखकाने गुपचूप दिलेल्या दोन हमींच्या भरवशावर. पहिली हमी अशी की नायकाचा निष्कर्ष चुकलेला नाही. सरदाराचा कबुलीजबाब आपण ऐकलेला असतो किंवा त्याच्या डोक्यातले एखादे प्रकरण आपण वाचलेले असते, त्यामुळे आपल्याकडे असे ज्ञान असते जे त्या काळातल्याच काय, कोणत्याही काळातल्या माणसाकडे नसते. दुसरी हमी अशी की दुसरा मार्ग खरोखरच बंद होता. या दोन्ही हमी दिल्या की कायदा हातात घेण्यात अनैतिक असे फारसे उरतच नाही. ते फक्त शिक्षेची अंमलबजावणी करणे होते. वास्तवात या कृत्याचे सगळे पाप त्या दोन हमी नसण्यात आहे.

एक खरे प्रकरण पाहा. १८१७ मध्ये बर्मिंगहॅमजवळ मेरी अ‍ॅशफर्ड ही तरुणी एका खड्ड्यातल्या पाण्यात मृतावस्थेत सापडली. आदल्या रात्री तिच्यासोबत असलेल्या अब्राहम थॉर्नटनवर खटला झाला, पण तो त्या वेळी दुसरीकडे होता असे सांगणारे साक्षीदार पुढे आले आणि ज्यूरीने त्याला सोडले. लोकांचा मात्र निकाल लागलेला होता. मेरीच्या भावाने जुन्या, जवळजवळ विस्मरणात गेलेल्या कायद्याचा आधार घेऊन खासगी फिर्याद केली, तेव्हा थॉर्नटनने त्याच जुन्या कायद्यावर बोट ठेवून द्वंद्वाने निवाडा करण्याचा हक्क मागितला आणि भर न्यायालयात आपला हातमोजा खाली टाकला. १८१८ मध्ये न्यायाधीशांना त्याचा तो हक्क मान्य करावा लागला, भावाने माघार घेतली, थॉर्नटन सुटला आणि पुढे अमेरिकेला निघून गेला. १८१९ मध्ये संसदेने ती खासगी फिर्यादही रद्द केली आणि ते द्वंद्वही. आता यावर कादंबरी लिहायला घेतली, तर थॉर्नटन अपराधी निघणार की निरपराध, हे लेखक पहिल्या पानाआधीच ठरवतो. त्यावरून एखाद्या अंधाऱ्या गल्लीत त्याला गाठणारा भाऊ वीर ठरेल की खुनी, हेही ठरून जाते. कृत्य तेच, माहितीही तीच. बदलतो तो फक्त लेखकाचा शब्द.

रेघोट्या

शंकेखोर यांना +१. 'दोन हमी' हे मांडणे पटले.

दिवाभीत

मूळ प्रश्नात तीन वेगळी कृत्ये एका दावणीला बांधली आहेत असे मला वाटते. अपराध्याला मारणे, अपराध्याला सोडणे आणि सत्य दडवणे यांत नैतिक फरक आहे आणि ऐतिहासिक पार्श्वभूमीमुळे तो अधिकच रुंदावतो.

रोमचे उदाहरण घ्या. मालकाचा त्याच्या घरात खून झाला तर त्या छपराखालच्या सर्व गुलामांना देहदंड, असा तिथला कायदा होता. इसवी सन ६१ मध्ये नगरप्रमुख पेडानियस सेकंडस याला त्याच्या एका गुलामाने मारले. त्या घरात चारशे गुलाम होते, त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. सिनेटमध्ये वाद झाला, रस्त्यावर लोक जमले, पण सम्राट नीरोने दुतर्फा सैनिक उभे करून चारशेही जणांना मारवले. रोमन इतिहासकार टॅसिटसने हे नोंदवून ठेवले आहे. आता कल्पना करा की अशा घरातल्या मृत्यूचा छडा तुमचा नायक लावतो आणि खुनी गुलाम आहे हे त्याला कळते. हे सत्य उच्चारणे म्हणजेच ज्यांचा काही संबंध नाही अशा शेकडो माणसांना मरणाच्या दारात ढकलणे. तिथे तो गप्प राहिला, मृत्यू आजाराने झाला असे सांगून निघून गेला, तर त्याने कायदा हातात घेतला असे मी म्हणणार नाही. त्याने फक्त एका अत्याचाराचे हत्यार होणे नाकारले.

अशी दया कायद्याच्या आतूनही दाखवली जात होती. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये राहत्या घरातून चाळीस शिलिंगांची चोरी केल्यास देहदंड होता. त्यामुळे ज्यूरी शपथेवर असे ठरवत की चोरलेल्या मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग आहे. माल समोर पडलेला असे, त्याची खरी किंमत भर न्यायालयात सांगितलेली असे, तरीही एकोणचाळीस. बारा सामान्य माणसे एकत्र बसून, उघडपणे, एका जिवासाठी खोटे बोलत होती. औषधविक्रेत्याच्या बाटलीपेक्षा मला ते एकोणचाळीस शिलिंग कितीतरी मोठे वाटतात, आणि त्यावर फार थोड्या लेखकांना कथा सुचते याचे वाईट वाटते.

अव्यक्त

दिवाभीत, तुमच्या विभागणीतली सोडून देण्याची बाजू तुम्ही फार सोपी केली आहे. खरा अपराधी माहीत असूनही गप्प बसणे निरुपद्रवी तेव्हाच असते, जेव्हा त्याच्याऐवजी दुसरा कोणी अडकत नाही. जुन्या काळात हा धोका आजच्यापेक्षा मोठा होता, कारण गुन्हा झाला म्हणजे कोणाला तरी पकडलेच पाहिजे हा दबाव होता आणि ओळख पटवण्याची साधने नव्हती; बोटांचे ठसे स्कॉटलंड यार्डमध्ये १९०१ मध्ये आले.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये फेब्रुवारी १८५१ मध्ये एका दुकानदाराला मारहाण करून लुटले गेले. जेम्स स्टुअर्ट नावाचा कुप्रसिद्ध गुन्हेगार समजून थॉमस बर्ड्यू याला पकडले. तो परोपरीने सांगत होता की मी स्टुअर्ट नाही, पण चेहराच काय, अंगावरच्या खुणादेखील जुळत होत्या. जमावाने त्याला जवळजवळ लटकवलेच होते. तो कसाबसा वाचला, तर मेरीसव्हिलच्या न्यायालयाने स्टुअर्टने केलेल्या खुनासाठी त्यालाच दोषी ठरवले. पुढे नागरिकांच्या स्वयंघोषित दक्षता समितीच्या हाती खरा स्टुअर्ट लागला, त्याने कबुली दिली, समितीने त्याला जुलैमध्ये फाशी दिले आणि बर्ड्यू सुटला.

हे प्रकरण दोन्ही बाजूंना अडचणीचे आहे, म्हणूनच ते मला आवडते. जमाव चुकला, न्यायालयही चुकले, आणि निरपराध माणूस वाचला तो कायदा हातात घेणाऱ्यांमुळे. तरीही त्या समितीला मी चांगले म्हणणार नाही. तिने त्या वर्षी चौघांना लटकवले, आणि प्रत्येक वेळी योगायोग तिच्या मदतीला येईल याची कोणतीही खात्री नव्हती.

रानवारा

इतका वेळ सगळे इंग्लंड-अमेरिकेतच फिरत आहेत, म्हणून थोडे बाहेर नेतो. 'कायदा हातात घेणे' या कल्पनेत असे गृहीत आहे की कायदा एरवी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असतो. सर्व समाजांत तसे नव्हते. मध्ययुगीन आइसलंडमध्ये ९३० च्या सुमारास आल्थिंग ही सभा स्थापन झाली. तिथे कायदा होता, न्यायालये होती, पण निकाल अमलात आणणारी कोणतीही सत्ता नव्हती. ज्याला बहिष्कृत ठरवले त्याला कोणीही मारू शकत असे, आणि ते काम बहुधा फिर्यादीलाच करावे लागे. तिथल्या पार्श्वभूमीवर लिहिलेल्या कथेतला भाऊ बहिणीच्या खुन्याला शोधून मारतो, तेव्हा तो कायदा मोडत नसतो. निकाल आधी मिळवला असेल तर तो कायदा पाळत असतो. त्याला बंडखोर नायक म्हणून रंगवणे ही कालविसंगती आहे.

जपानमध्ये एदो काळात वडिलांच्या किंवा धन्याच्या खुनाचा सूड घेण्याची रीतसर परवानगी मिळत असे. ती १८७३ मध्ये बंद झाली. सत्तेचाळीस रोनिनांची, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंची, हकिगत सर्वांना ठाऊक असते, पण तिच्यातला कायदेशीर पेच क्वचित सांगितला जातो. त्यांचा धनी असानो याने १७०१ मध्ये एदोच्या किल्ल्यात किरा या दरबारी अधिकाऱ्यावर शस्त्र उपसले, म्हणून त्याला मरावे लागले. किराने त्याला मारलेले नव्हते, शिक्षा शोगुनाच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, सत्तेने दिली होती. म्हणजे १७०३ च्या आरंभी किराचे शिर कापणाऱ्यांचा सूड नेमका कोणावर होता? विद्वानांनी तेव्हाच यावर लिहिले. ओग्यू सोराईचे मत असे की त्यांची निष्ठा खासगी आहे आणि कायदा सार्वजनिक आहे. म्हणून त्यांना चोरांसारखे मारू नये, सामुराईसारखे सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून सन्मानाने आत्महत्या, करू द्यावे, पण मृत्यू टळता कामा नये. तसेच घडले.

याहून खोल वाद चीनमधला आहे. सम्राज्ञी वू त्सेतियानच्या काळात शू युआनछिंग याने आपल्या पित्याला मारणाऱ्या अधिकाऱ्याला ठार केले आणि स्वतः जाऊन शरण आला. छन त्झ-आंग या अधिकाऱ्याने सुचवले की कायद्यासाठी त्याला देहदंड द्यावा आणि पितृभक्तीसाठी त्याच्या गावी त्याचा गौरव करावा. ऐकायला हे सुंदर वाटते. शंभरएक वर्षांनी ल्यू त्सोंगयुआन या लेखकाने (७७३–८१९) त्यावर घणाघाती टीका केली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एकाच कृत्याला शिक्षा आणि सन्मान दोन्ही देता येत नाहीत. आधी शोधा की पिता का मारला गेला. तो खरोखर अपराधी होता आणि कायद्याने मेला असेल, तर मुलाचा सूड हा कायद्याशी वैर आहे, त्याचा गौरव कशाला? आणि अधिकाऱ्याने खासगी आकसाने मारले असेल आणि वरच्यांनी दाद दिली नसेल, तर मुलाने योग्य तेच केले, मग त्याला मारायचे कशाला?

ल्यूने जी मागणी केली ती भावनेची नव्हती, तपासाची होती. मला तरी याहून चांगला रहस्यकथेचा नायक सुचत नाही.

खलनायक

आमच्या जमातीच्या वतीने एक तक्रार नोंदवतो. रहस्यकथांत एक 'सभ्य मार्ग' असतो: नायक टेबलावर भरलेले पिस्तूल ठेवतो, "मी पाच मिनिटांनी परत येतो" असे म्हणतो आणि बागेत जाऊन गुलाब पाहतो. मला नेहमी वाटते की एखाद्या खलनायकाने ते पिस्तूल घेऊन खिडकीतून बागेत नेम धरला तर काय होईल?

जुनाबाजार

खलनायक यांनी हसत हसत महत्त्वाच्या जागी बोट ठेवले आहे. तो 'सभ्य मार्ग' घराण्याची अब्रू वाचवण्यासाठी दिला असे लेखक सांगतात. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मात्र जाणूनबुजून केलेली आत्महत्या हाच गुन्हा होता. तसा निर्णय झाला तर मृताची जंगम मालमत्ता राजसत्तेकडे जमा होई, आणि १८२३ पर्यंत प्रेत चव्हाट्यावर पुरून त्यात खुंटा ठोकण्याची प्रथा होती. म्हणजे नायक बागेत गुलाब पाहत असताना आत विधवा आणि मुले कफल्लक होत असत.

अव्यक्त

खुनासाठी फाशी झाली तरी मालमत्ता जप्त होतच असे; दोन्ही जप्त्या १८७० मध्येच संपल्या. शिवाय मरणाऱ्याचे चित्त ठिकाणावर नव्हते असे ठरवून ज्यूरी कुटुंबाला सहसा वाचवत असत. त्यामुळे हिशेबाने पाहिले तर पिस्तूल ठेवणारा नायक कुटुंबाचे थोडे भलेच करतो.

सरळरेषा

आपल्याकडची दोन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवण्यासारखी आहेत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रामशास्त्री प्रभुणे यांनी खुद्द सत्तेवर आलेल्या रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ते अमलात येणार नाही हे शास्त्र्यांनाही ठाऊक असणार. त्यांनी निकाल दिला आणि पुणे सोडले. दुसरीकडे १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाच्या कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले, लोक खवळले आणि सरकारने कोतवालालाच त्यांच्या स्वाधीन केले. त्यांनी त्याला दगडांनी ठेचून मारले.

पहिल्यात न्याय आहे पण शिक्षा नाही, दुसऱ्यात शिक्षा आहे पण न्याय नाही. कोठडीची किल्ली कोणाकडे होती, तक्रारी वरपर्यंत पोचल्या होत्या की नाही, पोचल्या असतील तर कोणी दाबल्या, हे प्रश्न त्या दगडांखाली कायमचे गाडले गेले, आणि ज्यांना ते गाडले जायला हवे होते त्यांची त्यात सोय झाली. कायदा हातात घेण्यावरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे: कायदा हातात घेणारा अपराध्याला मारतो आणि त्याच वेळी चौकशीलाही मारतो. रहस्यकथेच्या नायकाला तर हे मुळीच शोभत नाही.

वाचनवेडी

सरळरेषा, हा आक्षेप मला आतापर्यंतच्या सर्वांत वजनदार वाटला. तरी माझा प्रश्न शिल्लक आहे. सरदार जिवंत राहिला तर त्या घरात तिसरी मुलगी मरेल. शिक्षा आणि प्रतिबंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि औषधविक्रेता शिक्षा देत नसून पुढचा खून थांबवत आहे असे मानले तर?

शंकेखोर

तसे मानायचे तर लेखकाने ते तसे लिहायला हवे. प्रतिबंध हेतू असेल तर आधी मुलींना त्या घरातून बाहेर काढणे, निदान सावध करणे हे ओघाने येते. मूळ कथानकात औषधविक्रेता त्यांतले काहीच करत नाही. त्याने केलेली एकमेव गोष्ट वाचकाला समाधान देणारी आहे.

दिवाभीत

मूळ कथानकाकडे परत जाऊ. इतक्या प्रतिसादांत एक व्यक्ती सर्वांच्या नजरेतून सुटली आहे: औषध न्यायला आलेली ती मोलकरीण.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये नोकराने मालकाला मारणे हा साधा खून नव्हता, तो लघुराजद्रोह होता. हा वेगळा गुन्हा १८२८ मध्ये रद्द झाला. पुरुषाला त्यासाठी फाशी होती आणि स्त्रीला १७९० पर्यंत जाळण्याची शिक्षा होती, जरी तोवर आधी गळा आवळण्याची रीत पडलेली होती. १७८२ मध्ये एक्सेटर येथे रिबेका डाउनिंग या तरुण मोलकरणीला मालकाला विष घातल्याबद्दल अशीच शिक्षा झाली. हे पोथीनिष्ठ यांच्या कथानकाचेच दशक आहे.

आता पुस्तक संपल्यानंतरची सकाळ पाहा. सरदार मेला आहे. बाटली कोणी आणली, चमच्यात कोणी ओतली, पलंगाजवळ कोण उभे होते? दंडाधिकारी कोणाकडे पाहील, ते वाचनवेडी यांनी आपल्या पहिल्याच प्रतिसादात सांगून ठेवले आहे. ज्या कायद्याच्या पक्षपातीपणामुळे औषधविक्रेत्याला परवानगी मिळाली, तोच पक्षपातीपणा त्याच्या कृत्याची किंमत त्या मुलीकडून वसूल करणार. लेखक पुस्तक तिथे संपवतो, कारण पुढचे पान लिहिले तर टाळी मिळणार नाही.

पोथीनिष्ठ

दिवाभीत यांचे आभार. मला मांडता येत नव्हते ते हेच होते. जुना कायदा वाईट होता हे नायकाच्या बाजूचे कारण म्हणून वापरले की तो कायदा शेवटच्या पानावर एकाएकी निष्क्रिय होतो. तोवर सगळ्यांना चिरडणारे यंत्र नायकापुरते बंद पडते. वाईट कायद्याची पार्श्वभूमी घ्यायची असेल तर ती शेवटपर्यंत वाईटच ठेवावी. एखाद्या पुस्तकाने तसे केले आणि त्यानंतरही औषधविक्रेत्याने बाटली भरली, तर मी त्याचा निर्णय गांभीर्याने घेईन, मग तो मला पटो वा न पटो.

अव्यक्त

पुराव्याच्या मुद्द्यावर एक भर घालतो, कारण मार्शच्या चाचणीआधी विष सिद्धच करता येत नव्हते असा समज या धाग्यावर तसाच राहिला आहे. मेरी ब्लँडी हिला वडिलांना आर्सेनिक दिल्याबद्दल ६ एप्रिल १७५२ रोजी ऑक्सफर्ड येथे फाशी झाली. डॉक्टर अँथनी अ‍ॅडिंग्टन यांनी लापशीत सापडलेली पांढरी पूड तपासली, तापवल्यावर येणारा लसणासारखा वास पाहिला, विकत आणलेल्या आर्सेनिकशी तिची तुलना केली आणि तसे न्यायालयात सांगितले. चाचणी आजच्या मानाने कच्ची होती, पण ज्यूरीने ती ऐकली. आणि ती पूड डॉक्टरांपर्यंत पोचली कशी? सुझन गनेल या मोलकरणीला लापशीच्या भांड्याच्या तळाशी पांढरी कचकच दिसली आणि तिने ते भांडे न घासता बाजूला ठेवले.

म्हणजे तीस वर्षांनंतरच्या औषधविक्रेत्याला, ज्याचा धंदाच पुडी ओळखण्याचा आहे, साक्षीदार म्हणून उभे राहता आले असते. त्यात धंदा बुडण्याची आणि बदनामीच्या दाव्याची जोखीम त्याची स्वतःची होती. बाटलीतली जोखीम दुसरीची होती.

वाचनवेडी

ब्लँडी खटल्यात मेलेला माणूस वकील होता, आरोपी त्याची मुलगी होती. मोलकरणीच्या भांड्याला किंमत आली ती त्यामुळे. मेलेली मोलकरीण आणि आरोपी सरदार अशी अदलाबदल करून ते भांडे कोणी तपासले असते का, यावर मी अजूनही ठाम आहे: नसते. पण औषधविक्रेत्याने आधी ते भांडे घेऊन दंडाधिकाऱ्याकडे जावे आणि त्याला तिथून हाकलून द्यावे, हे प्रकरण पुस्तकात असायला हवे, एवढे मला मान्य आहे.

मध्यरात्र

आणि त्या भांड्यावर त्याने चिठ्ठी डकवू नये.